दाढेच्या उरलेल्या गोळ्या

दाढ सुजली तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी मला सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि बजावलं, बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला. मी गोळ्या सोडल्या आणि उरलेलं पाकीट डब्यात जपून ठेवलं. वाया कशाला घालवायच्या! शाळेत पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारी बाई मी, आणि हे माझं शहाणपण.

पुढच्याच महिन्यात निंदताना थोरल्या जाऊबाईंच्या पायाला खुरपं लागलं. जखमेत पू झाला. त्या पूर्णेला दवाखान्यात निघाल्या होत्या, मीच अडवलं. "कशाला जाता एवढ्या लांब? माझ्याकडं हायेत की गोळ्या." माझा शब्द म्हणजे त्यांना डॉक्टरचाच. त्यांनी निमूट घेतल्या.

चार दिवसांत गोळ्या संपल्या आणि पाय घोट्याच्या वर सुजला. अंगात ताप भरला. शेवटी पूर्णेला नेलंच. रिकामं पाकीट बघून तिथले डॉक्टर भडकले.

"न तपासता असल्या गोळ्या खाल्ल्या? कुणी दिल्या?"

"कुणी न्हाई. माझ्याच मनानं खाल्ल्या," जाऊबाई म्हणाल्या.

"घरात शिकलेलं माणूस नाही का एकही?"

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई जी," म्हणाल्या.

त्यांची चप्पल हातात धरून मी शेजारीच उभी होते.