एका जपानी जीन्ससाठी झाशीपर्यंत

"एका पँटसाठी तू उत्तर प्रदेशात जाणार?" माझ्या बायकोने, स्वातीने, विचारलं.

"एका नाही, दोन," मी म्हणालो. "एक द्यायची, एक आणायची."

तिने कपाळाला हात लावला आणि माझ्या बॅगेत मेथीचे पराठे भरले. याला मी परवानगी समजलो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये काही लोक जुन्या अमेरिकन जीन्ससारख्या हुबेहूब जीन्स आजही बनवतात. जुने माग, जाड कापड, उंच कंबर, झिपऐवजी बटणं. कापड कारखान्यात आधी आटवलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या पाण्यात ते चांगलंच आटतं. म्हणून जीन्स मोठी घ्यायची, भिजवायची, आणि मग ती आपल्या मापाला येते. हे मी या ब्लॉगवर इतक्यांदा लिहिलंय की घरचे लोक माझ्यासमोर 'आटणे' हे क्रियापद वापरायचं टाळतात.

तरीही माझी जीन्स चुकली. गीझरच्या कडकडीत पाण्यात भिजवली, गच्चीवर उन्हात टाकली, संध्याकाळी घालायला गेलो तर मांडीच्या वर येईना. आकडेमोड बरोबर होती. फक्त माप मी स्वतःच्या आठवणीतल्या कंबरेचं घेतलं होतं.

रडगाणं जीन्सवेड्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर झाशीहून अविनाशजींचा फोन आला. रेल्वेत इंजिनिअर, निवृत्तीला आलेले, मूळ मराठी, पण घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतच. त्यांच्या भाच्याने ओसाकाहून हेच मॉडेल आणलेलं. भाच्याने फोनवर कंबर विचारली, यांनी पायजम्याची सांगितली. "नाडी सोडून," ते म्हणाले. "आता त्यात मी आणि वंदना दोघं मावतो." वंदना म्हणजे त्यांची बायको. माझी आटलेली त्यांना येणार होती, त्यांची कोरी मला. पण कुरिअरवर दोघांचाही विश्वास नव्हता, आणि आधी कोणी पाठवायची यावर दोन आठवडे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललं. शेवटी मीच तिकीट काढलं.

पुण्याहून झाशीला थेट गाड्या आहेत. संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो. थ्री टियर एसी घ्या, पांघरूण मिळतं. नोव्हेंबर उत्तम महिना, ऊन आहे पण मारत नाही. भोपाळनंतर कोणी पोहे घेऊन आलं तर सोडू नका, वर शेव आणि बडीशेप असते.

समोरच्या बर्थवर झाशीजवळच्या बबीना छावणीत राहणाऱ्या एका फौजीची बायको होती. मी जीन्स काढून घडी नीट करत होतो. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भैया, ये इतनी छोटी किसकी है?"

मी सगळं सांगितलं. माग, धागा, पहिलं पाणी.

"मतलब धोने से सिकुड़ गई?"

"हाँ, वही तो ख़ासियत है।"

"हमारे यहाँ सिकुड़ जाए तो दुकान पर वापस कर आते हैं," ती म्हणाली आणि मला एक संत्रं दिलं. आजारी माणसाला देतात तसं.

स्टेशनवर अविनाशजी घ्यायला आले होते. उंच, काटकुळे, शर्ट अगदी इस्त्रीचा. "या केदारजी, या! सफर कसा झाला?" माझी बॅग त्यांनी हातातून घेतलीच, पण नजर बॅगेच्या आत होती. सीपरी बाजारच्या मागे त्यांचं घर. शेअर ऑटो स्वस्त पडते, मात्र मांडीवर सामान घ्यायची तयारी ठेवा.

चहाच्या आधीच अदलाबदल झाली. अविनाशजी माझी जीन्स घालून हॉलमध्ये आले. अंगावर बेतल्यासारखी बसली होती.

"अहो," वंदनाभाभी म्हणाल्या, "तुम्हाला कंबर आहे!"

अविनाशजी आरशासमोरून हलेनात. "वडील म्हणायचे, जीन्स गुंड घालतात," ते म्हणाले. "पन्नाशी उलटली गुंड व्हायला."

मी त्यांची कोरी घातली. ती पत्र्यासारखी ताठ होती आणि मी आत डोकावलो तर मला माझे पाय दिसत होते. पण मी निश्चिंत होतो. उपाय ठरलेला: अंगावर घालून गरम पाण्यात बसायचं आणि अंगावरच वाळवायची. मग ती आपल्यापुरतीच आटते.

त्यांची मुलगी ईशा हे सगळं दारात उभी राहून बघत होती. ती ग्वाल्हेरला नोकरी करते. मराठी कळतं, पण बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते. "काका," ती म्हणाली, "परसों निनादचे आई-बाबा येणार आहेत. पहिल्यांदा. तब तक ये सब हो जाएगा ना?"

निनाद तिच्या ऑफिसातला, ग्वाल्हेरच्याच एका मराठी घरातला. दोघांचं ठरलेलं होतं, मोठ्यांचं ठरायचं होतं. निनादचे बाबा फार नेटके, असं ऐकलं होतं. त्यासाठी हॉलमधल्या दिवाणावर पांढरी शुभ्र, नवी चादर घातलेली होती आणि तिच्यावर घरातलं कोणीही बसत नव्हतं.

"परवा ना? उद्या दुपारी मी खणखणीत वाळलेला असेन," मी शब्द दिला.

रात्री जेवणात कढीतले बरे होते, म्हणजे उडदाचे वडे, आणि त्यासोबत चिंचगुळाची आमटी. एकाच ताटात बुंदेलखंड आणि कोकण. मी दोन्हीकडून पोटभर जेवलो. याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या मापावर होणार हे लक्षात यायला हवं होतं.

सकाळी गच्चीवर मोठा टब मांडला. भाभींनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढून त्यात पाणी तापवलं. मी जीन्स घालून टबात बसलो. पाणी आधी पिवळं झालं, मग निळं, मग शाईचं दुकान फुटल्यासारखं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी विचारलं, "इन्हें क्या हुआ है?"

"पुणे से आए हैं," अविनाशजी म्हणाले. बाईंचं समाधान झालेलं दिसलं.

जीन्स आटू लागली. आधी कंबर, मग मांड्या. रक्तदाब मोजायचा पट्टा सगळ्या खालच्या अंगाला बांधल्यासारखं वाटत होतं. उठलो तेव्हा माप अप्रतिम झालं होतं. काल रात्रीच्या बऱ्यांसकट.

आता वाळवायचं. अविनाशजींनी मला लक्ष्मी तालावर, म्हणजे तिथल्या तळ्यावर, फिरायला नेलं. महालक्ष्मीच्या मंदिरापाशी ऊन छान येतं, सकाळी गर्दी नसते, चपला बाहेर सांभाळून ठेवा. ऑटोवाल्याने मला बघितलं, खाली उतरला आणि सीटवर पोतं अंथरलं. "भैया, रंग छूट रहा है," तो म्हणाला. मी हे कौतुक समजून त्याला नीळ का सुटते ते समजावलं. त्याने ऑटो जोरात हाणली.

तळ्याकाठी मी घोड्यासारखा येरझारा घालत होतो, एवढ्यात अविनाशजींचा फोन वाजला. त्यांचा चेहरा पडला.

"ग्वाल्हेरवाले आले."

"उद्या येणार होते ना?"

"त्यांना उद्या काही काम निघालं. घरी बसलेत."

"मी मागच्या दाराने जातो, पँट बदलतो."

"मागचं दार नाही," ते म्हणाले. मी तिथेच एक बटण सोडून पाहिलं. सुटलं नाही. दुसरंही नाही. काजं भिजून अशी आवळली होती की बटणांच्या माना धरल्या होत्या. वाळेपर्यंत मी आणि जीन्स एकजीव होतो.

घरी पोचलो. निनाद, त्याची आई आणि बाबा खुर्च्यांवर बसलेले. बाबा पांढऱ्याशुभ्र झब्बा-पायजम्यात. मी भिंतीकडेने सरकत आत निघालो, तर निनादची आई उठून म्हणाली, "अहो, आम्ही सगळ्या खुर्च्या अडवल्या की! बसा ना, बसा." त्यांनी मायेने माझा दंड धरला आणि मला दिवाणावर बसवलं.

भाभींनी डोळे मिटले.

बसल्या क्षणी खाली गार ओल पसरलेली जाणवली. आता उठायचं नाही, एवढंच मला समजलं. उठलो तर डाग दिसणार, बसलो तर वाढणार. मी वाढणारा डाग निवडला.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

अविनाशजींची जीभ अडखळली. "हे... पुण्याचे. काका. ईशाचे."

झालं. मी घरातला वडीलधारा ठरलो. निनाद पाया पडायला आला, मी बसूनच आशीर्वाद दिला. बाबा बोलायला उभे राहिले, सगळे उभे राहिले, मी बसून राहिलो. बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यानंतर प्रत्येक गोष्ट ते मलाच विचारू लागले. लग्न झाशीला की ग्वाल्हेरला? पत्रिका बघायच्या का? मुलीने नोकरी बदलावी का? कंबर इतकी आवळली होती की पुरा श्वास येत नव्हता, त्यामुळे मला "हं" एवढंच म्हणता येत होतं. मी "हं" म्हणालो की बाबा गंभीर व्हायचे.

ईशा चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, चादरीच्या कडेला उमटलेल्या निळ्या रेषेकडे पाहिलं आणि ट्रे हातातच धरून उभी राहिली.

मग बाबा उठले. "काका, थोडं मोकळेपणी बोलू," म्हणत ते दिवाणाकडे आले आणि माझ्या शेजारी टेकणार, तो मी ओरडलो, "इथे बसू नका!"

बाबा अर्धवट वाकलेले तसेच थांबले. सावकाश ताठ झाले.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "आल्यापासून बघतोय. आपण उभे राहिला नाहीत, बोलला नाहीत. आमचा मुलगा पसंत नसेल तर सरळ सांगायचं. चला गं."

निनादची आई पर्स शोधू लागली. अविनाशजी पांढरेफटक. मला खरोखर रडू आलं. एका पँटपायी मी या पोरीचं लग्न मोडत होतो.

"थांबा!" ईशाने ट्रे खाली ठेवला. "काका ओले आहेत."

"काय?"

"ओले! पँट ओली आहे. रंग निघतो. ते आमचे काका पण नाही आहेत, पँट बदलायला आले आहेत!" आणि मग तिचा आवाज चढला. "तुम्ही सगळे कबसे त्यांना विचारता. मला कोणी विचारलंच नाही. मला निनाद पसंत आहे. मी विचारत नाही आहे, मी सांगत आहे."

मी उभा राहिलो. चादरीवर शेजारी शेजारी दोन मोठे निळे गोल होते.

आधी निनाद हसला. मग त्याची आई, पदर तोंडाला लावून, पार खुर्चीत कोसळून. बाबांनी वाकून ते गोल पाहिले. "म्हणजे मी मघापासून," ते म्हणाले, "एका ओल्या माणसाशी लग्नाची बोलणी करतोय?" आणि तेही फुटले. मग शांत होऊन ते ईशाकडे वळले. "चुकलो बेटा. बस इथे. आता तू सांग, लग्न कुठे करायचं?"

"झाशीला," ती म्हणाली. "आणि नोकरी नाही बदलणार."

"हं," बाबा म्हणाले.

जेवणानंतर अविनाशजींनी पक्कड आणून माझी बटणं सोडवली. निनाद विजेरी धरून होता. अशा प्रसंगातून माणसं लवकर जवळ येतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी साध्या पायजम्यात किल्ला पाहिला. तिकीट आहे, उघडल्या उघडल्या जा, पाणी सोबत ठेवा. बुरुजावरून सगळं शहर दिसतं. मी बराच वेळ तिथे पोटभर श्वास घेत उभा होतो.

पुण्यात परतल्यावर हिशेब मांडायला बसलो. जीन्स उत्तम बसते, फक्त डावा पाय वाळताना थोडा पिळवटला. तुम्हाला सल्ला: माप नेहमी उपाशीपोटी घ्या, आणि भिजवाल तेव्हा घरी पाहुणे नाहीत याची दोनदा खात्री करा. पण मनात जीन्स राहिली नाही. राहिली ती ट्रे खाली ठेवून उभी राहिलेली, मोडक्यातोडक्या मराठीत अगदी सरळ बोलणारी ईशा. माझं मराठी तिच्यापेक्षा कितीतरी शुद्ध आहे. तरी एवढं स्वच्छ वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

काल लग्नाचं आमंत्रण आलं. फोनवर निनादचे बाबा स्वतः होते, म्हणाले, काका नसतील तर बोलणी अपूर्ण राहतील. स्वातीने लगेच दोघांची तिकिटं काढली. मी कपाटासमोर उभा राहून विचारलं, "लग्नात काय घालू?"

"धोतर," ती म्हणाली. "त्याला साइझ नसते."