टेनिसच्या पुस्तकाले हळदकुंकू

मी रातभर झोपली नाई. काल माहा लहान भाऊ पवन वर्ध्याहून आला, त्याच्या टेनिसच्या पुस्तकाची थैली माह्या घरी ठेवली न म्हणे, "ताई, मले आता याचं काम नाई." टोंगळ्याचं म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून त्याचं खेळणं सुटलं. जिवापाड जपलेलं कोणी असं देऊन टाकते तं मले लय भेव वाटते. थो लगेच परत गेला, आता माहा फोन उचलत नाई, "बरा हाय" असा मेसेज तेवढा टाकते.

त्याले बोलवाले कारण पाह्यजे म्हणून आज दुपारी पोरीले मांडीवर घेऊन ओट्यावर बाया जमवल्या. म्हटलं, पोथी वाचतो तसे हे पुस्तकं वाचू, दर गुरवारी.

शांताकाकूनं आधी पुस्तकाले हळदकुंकू लावलं. "कोणत्या देवाची वो पोथी?"

"टेनिसची."

"नवसाले पावते का थो?" सगळ्या हासल्या.

मी अक्षरं जोडत जोडत एक पान वाचलं. काकूनं इचारलं, "रेषेवर बॉल पडला तं आत का बाहेर?" कोणालेच माहीत नाई.

"मंग अर्थ सांगणारा आन. त्याच्याबिगर पोथी कायची वो?"

माहा फोन तं थो उचलत नाई, म्हणून हे वाचणाऱ्यायपैकी ज्याच्याजवळ पवनचा नंबर हाय, त्यानं आत्ताच त्याले फोन करा. समजावत बसू नका. रेषेवरचा बॉल आत का बाहेर, तेवढं इचारा. न म्हणा, ताईनं पुस्तक उघडंच ठेवलं हाय.