पोचलीस की कळव

रकाने आखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हणून ऑफिसने टॅला उपनगरातल्या एका योजनेचं मूल्यमापन माझ्याच गळ्यात घातलं. वाईट संगतीत अडकलेल्या मुलामुलींनी आपल्या मर्जीने सहा महिने घोट्याला ठावठिकाणा सांगणारा टॅग बांधायचा आणि रात्री आठच्या आत घरी यायचं. आले की नाही ते यंत्र सांगणार, त्याचा उपयोग होतो का ते मी.

त्यातली सतरा वर्षांची एक मुलगी दर पंधरवड्याला माझ्यासमोर बसायची. टॅगवर तिचा भारी जीव. जुन्या टोळीतले बोलवायला आले की ती नुसता पाय पुढे करायची आणि ते परत जायचे. टॅग निघाल्यावर काय करू, याचीच तिला धास्ती होती.

पहिल्या भेटीनंतर ती निघाली आणि मी सवयीने बोलून गेले, "घरी पोचलीस की कळव." अगं बाई, जिच्या पायालाच पत्ता बांधलाय तिला हे सांगणारी मीच! शिवाय ते नियमातही बसत नव्हतं. ती पोट धरून हसली. पण आठच्या आत ऑफिसने मला दिलेल्या मोबाइलवर मेसेज आला, 'पोचले. ग्रँड.' ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक. मग रोजच येऊ लागला. माझी सख्खी लेक आम्ही राहतो त्या ओंगारमधल्या ओंगारमध्ये कुठे असते ते कळवत नाही, आणि ही बघा. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, अहवालात लिही आणि चालू दे.

शेवटच्या दिवशी टॅग काढला. घोट्यावरचा पांढरा पट्टा चोळत तिने विचारलं, "आता त्यांना काय दाखवू?" तसा रकाना मी आखलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी आपलं नेहमीचंच म्हटलं, पोचलीस की कळव.

पावणेआठला फोन वाजला. 'पोचले. ते आले होते. एक बाई माझ्या मेसेजची वाट बघत बसते, असं सांगून मी घरी निघाले.'

खोटं नव्हतं ते. सात वाजल्यापासून फोन हातात होता आणि तव्यावर दोन पोळ्या करपल्या होत्या.