वेल काढ

लॉरीवरची वेल मी गैरसमजाने खरवडली नाही. आमच्या घरात वर्षानुवर्षं तसंच सांगितलं गेलं, त्यावर सगळे हसले, आणि मीही हसत आलो. खरं असं की अण्णा काय म्हणाले ते मला नीट कळलं होतं.

अण्णा माझे थोरले भाऊ. बंगळुरात बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, आणि अंगणात त्यांची जुनी लॉरी. तिच्या दोन्ही बाजूंना, दारांखालून मागपर्यंत, हिरवी लाकडी पट्टी होती. लॉरी घरी आली तेव्हा वहिनींनी त्या पट्ट्यांवर पांढऱ्या रंगाने जाईची वेल काढली होती. दर खंडेनवमीला, पूजेआधी, त्या ती पुन्हा उजळायच्या. घराबाहेर चार लोकांना दिसेल असं त्यांच्या हातचं तेवढंच होतं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. अण्णा कधीकधी मला फाटकाशी सोडायचे. "एनो, ही लॉरी आहे की नवरीचा हात?" एकाने कानडीत विचारलं आणि पोरं खिदळली. त्यानंतर मी अलीकडच्या चौकातच उतरू लागलो.

त्या वर्षी मार्केटात एका बैलगाडीच्या चाकाचा आख घासला आणि डाव्या पट्टीचा टवका उडाला. खडूची पूड अळशीच्या तेलात मळून मी लांबी केली, जुन्या सुरीने खाचेत दाबून बसवली आणि वाळू दिली. पूजेच्या आदल्या दिवशी रंगाचं काम उरलं होतं. वहिनी नेमक्या बाहेरच्या झालेल्या, मागच्या खोलीत वेगळ्या बसलेल्या. लॉरीला हात लावणं त्यांना शक्य नव्हतं. कोहळा आणि झेंडू आणायला निघताना अण्णा मला म्हणाले, "आता पट्टी घास, रंगाचा हात दे, आणि वेल काढ. स्वल्प सावकाश, हं!"

पॉलिश पेपरने लांबी घासता घासता तो शब्द माझ्या डोक्यात फिरू लागला. काढ. चित्र काढतात, आणि डागही काढतात. मी वेलीवर पेपर ठेवला. पहिलं पान सहज गेलं. डावी बाजू साफ झाल्यावर उजवीकडे गेलो. तिथे तर काहीच मोडलं नव्हतं. तीही खरवडली, आणि दोन्ही पट्ट्यांना सपाट हिरवा रंग दिला.

अण्णा आले आणि कोहळा हातात तसाच धरून उभे राहिले. "अरे, वेल कुठाय?"

"तुम्हीच म्हणालात ना, वेल काढ. काढली."

त्यांनी दोन्ही बाजूंना जाऊन पाहिलं. मग असे हसले, की कोहळा खाली ठेवावा लागला. "बंगळुरात राहून मराठीचं पार भरीत झालं रे तुझ्या!"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पूजा खिडकीतून पाहिली. अण्णांनी अंगणातूनच गंमत सांगितली, तेव्हा त्याही हसल्या. पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी रंगाचा डबा पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू दे. साधीच बरी दिसते." मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. लॉरी विकेपर्यंत पट्ट्या सपाटच राहिल्या.

माझं लग्न झाल्यावर सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा अण्णांनी तो किस्सा रंगवून सांगितला. माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. वहिनी कॉफी घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्याही हसत होत्या, दरवेळी हसत तशाच. मला ते सहन होईना.

"अण्णा, तसं नव्हतं ते," मी म्हणालो. "वेल रेखाटायला सांगत होतात, हे मला कळलं होतं. मी मुद्दाम पुसली."

अण्णांचं हसू मावळलं. "काय बोलतोस?"

वहिनींनी तबक खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इतकी वाईट दिसत होती का हो भावजी ती?"

इतकी वर्षं त्यांनी हेच धरून ठेवलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "सुरेख होती. पोरं मला हसली, म्हणून मला तिची लाज वाटली. माझं चुकलं. मला माफ करा."