बायकोचे जोक

रिजेक्टकाका जोक वाचताना कधीच हसत नसत. समोर कागद, नाकावर घसरलेला चष्मा, हातात लाल पेन्सिल आणि चेहरा असा, की माणूस दहावीचे पेपर तपासतोय असं वाटावं. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, एवढा भारी जोक आहे, ओठ तरी हलवा ना!" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मी हसत बसलो तर माल तपासनार कोन?"

माल! जोकला ते माल म्हणत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांचा सगळा जन्म इन्स्पेक्शनला गेला होता. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग हातात घ्यायचा, माप लावायचं आणि म्हणायचं, पास किंवा रिजेक्ट. रिटायर झाले, मापं कारखान्यात राहिली, पण हे दोन शब्द तोंडात कायमचे बसले. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मुलींनी त्यांचं नाव रिजेक्टकाका पाडलं आणि ते त्यांना माहीत होतं. राग वगैरे काही नाही. उलट फोनवरसुद्धा "रिजेक्टकाका बोलतोय गं बाय" असं सांगायचे.

ही अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. काका-काकी मूळचे उरणजवळच्या जासईचे, राहायला कोपरखैरण्यात, आमच्या क्लासच्या मागच्या गल्लीत. एकुलता एक मुलगा अमेरिकेत. त्याने परदेशातल्या आणि इकडच्या मराठी घरांसाठी ई-मेलवर एक ग्रुप काढला होता, 'पडवी' नावाचा. कुणीही जोक पाठवायचा. तो आधी मॉडरेटरकडे यायचा आणि त्याने हो म्हटलं की मगच सगळ्या घरांत जायचा. आई-बाबांना काहीतरी उद्योग हवा म्हणून मुलाने बाबांनाच मॉडरेटर करून टाकलं. अट एकच होती. त्या घरांतली पोरं हे जोक वाचून मराठी शिकायची आणि आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवायची, तेव्हा कुणाला मान खाली घालावी लागेल असं काही जाता कामा नये.

काकांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ते क्लासमध्ये यायचे. काउंटरवर मी. मोडेमची किंचाळी संपली की मेल उतरवायचे, प्रिंट काढून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पास झालेले पुढे पाठवायचे, एवढं माझं काम. जोक यायचे इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. ती वाचताना काका अडखळायचे, म्हणून घरी जाऊन प्रत्येक जोक वहीत आपल्या अक्षरांत उतरवून घ्यायचे. मग तो काकींना मोठ्याने वाचून दाखवायचा. हेच त्यांचं माप.

काकी तेव्हा बहुतेक सुकट निवडत बसलेल्या असायच्या. मी दोन-चारदा तिथेच बसून हा कारभार बघितलाय. काकी हसल्या तर पास. "मंग?" असं म्हणाल्या तर जोक कच्चा, रिजेक्ट. आणि काही न बोलता सूप उचलून आत गेल्या, की काका त्या कागदावर अशी काट मारायचे की कागद फाटायचा. कंबरेखालच्या जोकांचा निकाल असा सेकंदात लागायचा. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या पसंतीचे जोक अमेरिकेतली डॉक्टर मंडळी वाचून हसायची, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची.

काकांचा स्वतःचा नियम एकच. "ज्याच्यावर जोक हाय तो समोर बसलाय असा धरायचा, मंग वाचायचा." तोतऱ्या माणसाचा एक जोक आला, त्यांनी काट मारली. पाठवणाऱ्या गृहस्थांचं दुबईहून लांबलचक पत्र आलं, तुम्हाला विनोदबुद्धी नाही वगैरे. काकांनी मला उत्तर सांगितलं, "लिव. तुमच्या घरी तोतरा पावना आला की त्याला वाचून दाखवा, आनि काय झाला ते कळवा." त्यांनी काही कळवलं नाही.

एकदा मीच तोंडावर आपटले. वाशीच्या बाजारातल्या मासळीवालीचा जोक होता. ती कशी हेल काढून बोलते आणि गिऱ्हाईक तिची नक्कल कशी करतं, असा. मला हसू आलं. मी म्हटलं, काका, हा डोळे झाकून पास करा. ते नुसतं "हं" म्हणाले आणि मला घरी घेऊन गेले. काकींना वाचून दाखवला. काकी हसल्याही नाहीत आणि उठल्याही नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "बाय, ती बोलली त्यात चुकला काय?" काकींची सख्खी बहीण करावे गावातून टोपली घेऊन बाजारात बसायची, हे मला नंतर कळलं. पण ते माहीत नसतानाही कळायला हवं होतं, नाही का?

आमचं खरं भांडण मात्र बायकोच्या जोकांवरून. रोज तीन-चार तरी यायचेच. बायको आणि खर्च, बायको आणि माहेर, बायको आणि लाटणं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, लग्न जमत नव्हतं, आणि हे असले जोक बघून डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "काका, तुमचाच नियम ना? मग बायको समोर बसलीय असं धरा की!" ते शांतपणे म्हणायचे, "धरायचा कशाला? बसलेलीच हाय. तिला विचार." आणि काकी? काकी सगळ्यात जास्त त्याच जोकांना हसायच्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर काकांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्यांचाच हाय हा. कोनी सांगितला पाठवनाऱ्याला?" माझं कप्पाळ!

काकी गेल्या त्या चार दिवसांच्या तापात. मंगळवारी मला हाक मारून शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या आणि शनिवारी नव्हत्या. मला काही वाटलं नाही, हे सांगून टाकते. मला काकी आवडायच्या, खूप आवडायच्या, तरी काही वाटलं नाही. जासईला गेले, बायकांमध्ये बसले, चहा दिला तो प्यायले आणि परत येऊन काउंटर उघडला. काकांच्या मुलाला मीच मेलवर विचारलं की ग्रुपवर कळवू का. तो म्हणाला, कळवा. कळवलं.

पंधराव्या दिवशी काका क्लासमध्ये आले. खुर्ची ओढली, पेन्सिल काढली आणि म्हणाले, "काढ." मी गठ्ठा दिला. त्यात बायकोचा एकही जोक नव्हता. आदल्याच दिवशी मी ठरवून टाकलं होतं, की असला एकही कागद या माणसाच्या हातात पडता कामा नये. ग्रुपच्या जुन्या लोकांनी आपणहून पाठवणं थांबवलं होतं, पण नवीन लोकांना काय माहीत? त्यांचे येतच होते. मी ते एका फ्लॉपीवर टाकत गेले आणि कुणाला बोलले नाही. फार शहाणपणाचं काम करतेय असं मला वाटत होतं.

दोन महिने असे गेले. काका जोक घरी न्यायचे आणि सगळ्यांवर काट मारून आणायचे. सगळ्यांवर! इसापनीतीत शोभतील असे गरीब बिचारे जोकसुद्धा रिजेक्ट. पडवीवर आठ-आठ दिवस काही जाईना. लोक गळायला लागले. मुलाने मला लिहिलं, बाबांना झेपत नसेल तर ग्रुप बंदच करू या का? मी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. बंद केला तर हा माणूस सकाळी उठून करणार काय? रिकाम्या घरात बसणार, दुसरं काय!

मग एका दुपारी काकांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "बायकोचे कुठं गेले?"

"येत नाहीत हो आता," मी म्हटलं.

"रोज तीन-चार यायचे."

"लोकांनी बंद केले असतील."

"कमी होतील. शून्य नाय होनार. शून्य माल कदी येतो, कोनीतरी मशीन बंद केली की."

इतकी वर्षं माल तपासलेल्या माणसाशी खोटं बोलत होते मी. ड्रॉवरमधून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं. म्हटलं, तुम्हाला त्रास होईल म्हणून.

काका माझ्यावर तेवढे एकदाच चिडले. आवाज मात्र चढला नाही. "मी समोर बसलेला हाय ना? मंग मला विचारायचा की नाय? ती होती तवा तिला विचारून पास करायचो. ती गेली तर तू परस्पर रिजेक्ट करनार? तुला कोनी अधिकार दिला?"

क्लासमधल्या मुली टायपिंग थांबवून बघत होत्या. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी फ्लॉपी मशिनमध्ये घातली आणि प्रिंट काढायला लावली. प्रिंटर बराच वेळ कुरकुरत राहिला.

"वाच," काका म्हणाले. "मला ती अक्षरं लवकर लागत नाय."

मी वाचत गेले. बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात. काका डोळे मिटून बसले होते. पास. पास. "हा तिने आयकलेला हाय, पन जाऊ दे, पास." "हा तिला कळला नसता, रिजेक्ट." असं चाललं होतं. मग एका कागदावर मी अडकले. काका म्हणाले, "थांबलीस का?" वाचला. बायको म्हणते, मी मेले तर तुम्हाला घरात चहाचं पातेलं तरी सापडेल का? नवरा म्हणतो, मग जाताना सांगून जा ना, कुठे ठेवलंयस ते.

काकांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मला डाळीचा डबा अजून सापडला नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "पास. चांगला हाय. ती खूप हसली असती."

त्या दिवसानंतर पडवी पुन्हा सुरू झाली. वर्षभराने काका घर बंद करून जासईला भावाकडे राहायला गेले आणि मॉडरेटरचं काम माझ्या गळ्यात टाकून गेले. तिकडे कुणा पुतण्याकडे कॉम्प्युटर आला होता. एक दिवस माझ्याकडे तपासायला आलेल्या जोकांत त्यांचा एक निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः जोक पाठवला होता, इंग्रजी अक्षरांत, एकेक कळ शोधून टाइप केलेला. तो असा:

"माझी बायको मला जेवायला वाढायची. मी जेवायचो, हात धुवून यायचो. मंग ती विचारायची, जेवलाव का? मी बोलायचो, तूच वाढलास ना. ती बोलायची, तरी पन."

एवढंच. मी तो तीनदा वाचला. काकांचं माप लावलं असतं तर हा जोक कच्चा ठरला असता. मी तो पास केला आणि सगळ्या घरांत पाठवला.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन घरांतून मेल आले. जोक अर्धाच आलाय का, पुढचं कुठे गेलं?

मी सगळ्यांना लिहिलं, नाही, एवढाच आहे.