यादीतली वरची ओळ

गोटीराम भोये कळवणच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, घरातला पहिला पदवीधर. १९९९ साली आमच्या शरणपूर रोडच्या ऑफिसात प्रोग्रामर म्हणून लागला. मी, मोहिनी, त्याची सीनिअर. माझं डोकं लगेच तापायचं, आणि त्याचा हात भलताच संथ.

अंबडच्या एका कारखान्यासाठी आम्ही हजेरीचा प्रोग्राम करत होतो. डेटाबेसशी बोलायला दोन लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, जोडलेल्या, एक जुनी, एक नवी. दोन्हींत ‘रेकॉर्डसेट’ नावाची वस्तू, पण आतून वेगळी. नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलं, की जोडलेल्यांच्या यादीत जी लायब्ररी वर असेल तिचीच वस्तू कॉम्प्युटर उचलणार. गोटीराम दर वेळी आधी लायब्ररीचं नाव लावायचा. म्हणायचा, आमच्या पाड्यावर बुधा नावाचे चार जण आहेत, बापाचं नाव लावल्याशिवाय एकही ओ देत नाही. मी त्याची टर उडवायचे आणि नुसतं नाव लिहून मोकळी व्हायचे. साहेबांनी यादी सांभाळायचं काम त्यालाच दिलं. त्याने मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: यादी हलवू नये.

प्रोग्राम दाखवायचा त्या सकाळी माझा एक रिपोर्ट चालेना. तो जुन्या लायब्ररीवरचा. मी यादीत जुनी वर सरकवली, रिपोर्ट चालला, घाईत तशीच सीडी भरली. अंबडला पहिलाच स्क्रीन उघडला आणि प्रोग्राम बंद पडला. तो स्क्रीनही माझाच, नव्या लायब्ररीवरचा, पण नुसतं नाव लिहिलेला. गोटीरामचे सगळे चालत होते, पण ते बघायला थांबतंय कोण?

साहेबांनी एवढंच विचारलं, “यादी कोणाकडे होती?”

गोटीरामने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. महिनाअखेर तो कायम होणार होता. त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवलं. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा हायसं वाटलं.

चार वर्षांनी त्याच कारखान्यात प्रोग्रामच्या दुरुस्तीला गेले. गेटवर कंत्राटी कामगारांची रांग होती, आणि रांगेत गोटीराम, हातात डबा. मी पुढे होऊन म्हणाले, चूक माझी होती.

“मला तिथंच कळलं होतं, मॅडम.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमच्यापुढं माझं कोणी ऐकलं असतं?”

रांग पुढे सरकली. गेटवरच्या माणसाने त्याचा नंबर टाकला, आणि स्क्रीनवर बापासकट पूर्ण नाव आलं. आमच्या प्रोग्राममधला गेटचा तो स्क्रीन गोटीरामनेच लिहिलेला. चार वर्षांत तो एकदाही अडला नव्हता.