सासूबाईंचं आतडं

मी मोताळ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पचनसंस्था हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर तोंडापासून गुदद्वारापर्यंत एका दमात नळी काढतो. शेवट आला की पोरं फिदीफिदी हसतात आणि मी डस्टर आपटतो. घास गिळेपर्यंत आपली सत्ता. पुढे अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं आपलं काही ऐकत नाहीत, अन्न आपापल्या तालात पुढे ढकलत राहतात. पार शेवटच्या दाराशी मात्र पुन्हा आपला हुकूम चालतो. हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो, पण घरात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

सोयाबीनची सोंगणी चालू असताना सासूबाईंचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ओवा खाल्ला, बेंबीला हिंग लावला, आणि उलट्या सुरू होऊन पोट टम्म फुगल्यावर लेकीला फोन केला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं तर आतड्याला पीळ! त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि आतडं वाचलं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर आतडी झोपलेली असतात. जागी झाली की वारा सरेल. तोवर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही."

झालं. सगळं घर त्या एका वाऱ्यावर डोळे लावून बसलं. नातेवाइकांचे फोन यायचे ते तब्येत विचारायला नाही, थेट "सरला का?" म्हणूनच. मी शिकलेला जावई, खाटेशेजारच्या स्टुलावर रात्रंदिवस ठिय्या मारून होतो. सिस्टर येऊन विचारायची, "आजी, गॅस पास झाला का?" सासूबाई पदर पुढे ओढून नकारार्थी मान हलवायच्या. ओठ पार सुकले होते. बायको ओल्या कापसानं ते पुसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. "आतडी तर हलताहेत. मग पोट परत का फुगतंय?" मला बाजूला घेऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल. या वयात पुन्हा भूल द्यायची म्हणजे..." मी परत स्टुलावर येऊन बसलो आणि बायकोच्या कानात ते सांगितलं.

बायकोचा धीर सुटला. "माय, बोल नं वं! सरला का नाई?"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं नाही. माझ्या स्टुलाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई माझ्याशी कधी थेट बोललेली नाही. मी समोर बसलेलो असलो तरी "जवाईबापूले इचार, अजून भाकर पाह्यजे का," असं लेकीच्या तोंडून चालायचं. माझ्यादेखत त्यांनी कधी घास खाल्ला नाही. एका लग्नात आम्ही चुकून एकाच पंगतीत आलो, तर त्या भरल्या पानावरून उठून गेल्या. आमच्याकडे सासूनं जावयाची लाज धरायची ही रीतच, यात कुणाला काही नवल वाटत नाही. जिनं माझ्यासमोर तोंडाचं पहिलं दार उघडलं नाही, ती शेवटचं उघडणार होय? आणि मी सेवा म्हणून तिथंच ठाण मांडून!

मी उठलो आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी चहा प्यायला खाली जातो. मला वेळ लागेल."

बायको भडकली. "अवो, इथं मायचा जीव चालला अन् तुमाले चाय सुचून राह्यली?"

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं. पण पाय निघेना. खरं काय ते कळल्याशिवाय चहा गळ्याखाली उतरला नसता. तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो.

बराच वेळ काही नाही. मग खाट करकरली आणि मागोमाग तो आला. लांबलचक, थांबून थांबून, कुणाची भीडभाड न ठेवता. बायको हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "सरला वं माय, सरला! सिस्टर, अवो सिस्टर!" माझेही डोळे भरून आले. इतकी वर्षं तो धडा शिकवतोय, पण त्या नळीच्या शेवटाचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

आतून सासूबाईंचा कोरडा, बारीक आवाज आला. "काऊन वं, जवाईबापूनं आयकलं तं नसंल?"

"नाई वं माय. ते तं कवाचेच चाय प्याले गेले."

मी चपला काढून हातात घेतल्या, आवाज न करता जिना उतरलो आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला.